बिनगिअरची सायकल आणि आपले गुडघे

वस्तीतल्या बऱ्याच सायकलींना गिअर नाहीत, पुढच्या चिमट्याला शॉकअप नाही. सायकल वाईट नाही. बिघडायला तिच्यात फारसे काही नसतेच. पण गिअर आणि शॉकअपचे काम मग आपले गुडघे व हात करतात.

पुढे ४४ दाते, मागे १८ असतील तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाटीला ठीक, चढावर हा भार गुडघ्यांवर येतो. त्यात सीट खाली! पाय जमिनीला टेकावेत म्हणून आम्हीही वर्षानुवर्षे ती खालीच ठेवली आणि गुडघेदुखीला वयाचे नाव दिले. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ होईल इतकी सीट वर घ्या. पहिले दोन दिवस भीती वाटते. चढावर उभे राहून पायडल मारा, नाहीतर खुशाल उतरून चाला, त्यात कमीपणा कसला?

खड्ड्यांत कोपरे थोडी वाकवा, हँडल आवळू नका. करंगळी व शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळहाताशी नस दबते आहे, पकड बदला. बधिरपणा राहिलाच तर डॉक्टरांना दाखवा.