अडलेली कुत्री : गाईचा अनुभव येथे कोठवर उपयोगी?

भिलाई-दुर्ग परिसरात, पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील लॅब्रेडॉर-पगपासून धमधा भागात टोमॅटोच्या शेतांवर राखण करणाऱ्या गावठी कुत्रीपर्यंत, कोणतीही कुत्री विताना अडली की हाक बहुधा गाई-म्हशींच्या प्रसूतीत हात बसलेल्या व्यक्तीलाच जाते. हा अनुभव मोलाचा आहे. परंतु तो जसाच्या तसा वापरल्यास पिल्ले दगावतात आणि प्रसंगी मादीही.

गाईमध्ये अडचण बहुधा वासराची असते. ते मोठे असते, मान किंवा पाय वळलेला असतो. मागील पायांनी येणारे वासरू तर अपवादच. म्हणून हात घालणे आणि दोरीने ओढणे तेथे अंगवळणी पडले आहे. कुत्रीत सुमारे ४० टक्के पिल्ले मागील पायांनीच येतात आणि ते स्वाभाविक असते. पाय पोटाखाली दुमडून केवळ शेपूट पुढे आली, तरच ती खरी अडचण. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील १८२ अवघड प्रसूतींच्या अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश प्रसंगी कारण मातेच्या बाजूचे होते आणि त्यांत गर्भाशयाचे आकुंचन क्षीण असणे हे प्रमुख. पिल्लू वर गर्भाशयाच्या शिंगात असते, तेथे बोट पोहोचत नाही. ओढण्यासारखे काही हाती नसतेच. त्यामुळे कुत्रीच्या बाबतीत दोरीपेक्षा घड्याळ अधिक उपयोगी.

समागमापासून प्रसूतीपर्यंत ५७ ते ७२ दिवस लागू शकतात, त्यामुळे केवळ तारखेवर विसंबू नये. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदमार्गातील तापमान नोंदवावे. एरवी ते ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते. ३७ अंशांच्या आसपास घसरले की साधारणतः २४ तासांत कळा सुरू होतात. त्यानंतरचे ६ ते १२ तास मादी धापा टाकते, अंथरूण उकरते, अन्न नाकारते. या काळात तिला एकांत द्यावा. शेजारपाजारचे बघे दूर ठेवणे हीसुद्धा मदतच आहे.

पुढील परिस्थितीत मात्र थांबू नये. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू न येणे. मंद कळा दोन तास चालू राहणे. आत पिल्ले शिल्लक असताना दोन पिल्लांमधील अंतर दोन-तीन तासांहून अधिक होणे. तापमान घसरून २४ तास उलटले तरी कळांचा पत्ता नसणे. पहिल्या पिल्लापूर्वी हिरवट-काळा स्राव दिसला, तर वार सुटू लागली असे समजावे. एक पिल्लू जन्मल्यानंतरचा तसाच स्राव सामान्य असतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या, मोठ्या डोक्याच्या जातींत शस्त्रक्रियेची वेळ वारंवार येते. अशा मादीची, तसेच पोटात एकच पिल्लू असलेल्या मादीची, व्यवस्था आधीच ठरवावी. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्री शस्त्रक्रिया कोठे होऊ शकते, ही चौकशी मात्र दिवसाउजेडी करून ठेवावी.

ऑक्सिटोसिनविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मार्गात पिल्लू अडकलेले असताना हे इंजेक्शन दिल्यास गर्भाशय फाटू शकते. मात्रा अधिक झाल्यास आकुंचन सलग राहून पिल्लांचा प्राणवायू तुटतो. गोठ्यातील कुपीतून अंदाजाने दिलेली मात्रा कुत्रीसाठी कितीतरी पट अधिक ठरते. तपासणीनंतर पशुवैद्यकानेच ते द्यावे.

पिल्लू योनीद्वाराशी स्पष्ट दिसत असेल, तेवढ्यापुरता हात लावता येतो. नखे कापून, हात धुऊन, हातमोजे घालावेत. निर्जंतुक वंगण जेली भरपूर लावावी. डोके व मान किंवा कमरेचा भाग स्वच्छ कापडाने धरून, कळ येईल तेव्हाच, मादीच्या मागील पावलांच्या दिशेने खाली हळुवार ओढावे. पाय किंवा शेपटी धरून ओढू नये. ती सहज निखळते. पाच-दहा मिनिटांत यश न आल्यास थांबून वाहन काढावे.

जन्मलेल्या पिल्लावरील पडदा मादीने लगेच न फाडल्यास आपण फाडावा, नाक-तोंड पुसून कोरड्या टॉवेलने अंग चोळावे. पिल्लाला उलटे धरून झटकण्याची जुनी रीत मेंदूला इजा करते. नाळ पोटापासून दोन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधून कापावी व टिंक्चर आयोडीन लावावे. पहिल्या आठवड्यात पिल्लांभोवती सुमारे ३० अंशांची ऊब हवी. मे महिन्यात छत्तीसगडात ती आपोआपच मिळते. तेव्हा बल्ब नव्हे, सावली शोधावी. सर्व पिल्लांना पहिल्या १२ तासांत चीक मिळालाच पाहिजे.

गाभणपणी कॅल्शियमच्या बाटल्या पाजण्याची प्रथा कुत्रीला अपायकारक आहे. त्याने शरीराची स्वतःची कॅल्शियम उचलण्याची यंत्रणा सुस्त होते आणि व्याल्यानंतर, विशेषतः दोन-तीन आठवड्यांनी दूध भरात असताना, मादीला झटके येण्याचा धोका वाढतो. ती थरथरू लागली, पाय ताठ झाले, ताप चढला, तर पिल्ले तत्काळ अलग करून तिला थेट पशुवैद्यकाकडे न्यावे. शिरेतून संथपणे दिलेले कॅल्शियम हाच त्यावरचा उपचार आहे.