कुंडीतील ऑलिव्ह आणि आपला पाऊस

वनस्पतिशास्त्रात ओलिएसी हे कुल शिकताना पारिजातक, जाई, मोगरा ही घरची उदाहरणे आपण देतो आणि पुढे जातो. याच कुलातील जगप्रसिद्ध झाड मात्र आपल्या अंगणातले नाही. ते म्हणजे ऑलिव्ह, अर्थात जैतून. शास्त्रीय नाव ओलिया युरोपिया. अलीकडे त्याची कोवळी रोपे विकत मिळतात. मीही एक आणून कुंडीत लावले होते. ते पहिल्याच पावसाळ्यात गेले. ते का गेले, याचा विचार करताना जे उमगले ते येथे मांडतो.

ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राकाठचे झाड. ग्रीस, इटली, स्पेन या देशांत उन्हाळा कोरडा जातो व पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. अथेन्सला वर्षाकाठी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस होतो. बेळगावला त्याच्या सुमारे तिप्पट, आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे या झाडाच्या मायदेशी जमीन तापलेली असते, नेमकी तेव्हा आपली कुंडी चिंब असते.

त्याचे पान हातात घेऊन पाहावे. ते लहान, जाड व चिवट असते. खालची बाजू रुपेरी दिसते, ती सूक्ष्म, खवल्यांसारख्या केसांमुळे. पर्णरंध्रे याच आवरणाखाली असल्याने बाष्पोच्छ्वास कमी होतो. सारी रचना पाणी वाचवण्याची आहे. साचलेले पाणी सोसण्याची नाही.

मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की तेथील हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि फायटॉप्थोरासारखे रोगकारक जीव त्यांत शिरतात. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणून कुंडी ओली असूनही पाने मलूल होतात, पिवळी पडून गळतात. पाहणाऱ्यास वाटते, रोप तहानले आहे, आणि तो आणखी पाणी घालतो. माझ्या हातून हेच घडले. भर आषाढातही मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालीत होतो!

तेव्हा पहिला नियम असा की, पाने पाहून नव्हे, माती पाहून पाणी द्यावे. बोट दोन इंच खोल घालावे. ओल लागली तर थांबावे. माती कोरडी असेल तर तळातून पाणी वाहीपर्यंत द्यावे व ताटलीत साचलेले ओतून टाकावे. मात्र कोरडेपणा सोसणारे झाड म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्याला विसरू नये; कुंडीतल्या मुळांना पाण्याच्या शोधात दूर जाता येत नाही.

कुंडी भाजलेल्या मातीची व तळाला मोठे छिद्र असलेली घ्यावी. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत, हे मिश्रण चालते. चिकण काळी माती टाळावी. तांबडी माती आम्लधर्मी असल्यास चिमूटभर चुना मिसळावा. चुनखडीची जमीन या झाडाला मानवते. रोज किमान सहा तास ऊन हवे. पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली, पण उजेडात ठेवावी. दोनएक वर्षांनी कुंडी बदलताना नवी फक्त दोन इंचांनी मोठी असावी. फार मोठ्या कुंडीत ओल टिकून राहते. खवले कीड दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्याने पाने व फांद्या पुसाव्यात.

फळांची आशा मात्र फारशी धरू नये. फुलोऱ्यासाठी या झाडाला काही आठवडे चांगली थंडी लागते आणि आपला हिवाळा सौम्य आहे. २००७ साली राजस्थानने इस्रायलच्या तांत्रिक साहाय्याने ऑलिव्ह लागवडीचा उपक्रम हाती घेतला, तो तेथील कोरडी हवा व थंड रात्री लक्षात घेऊनच.

याच प्रजातीतील ओलिया डायोइका हा वृक्ष मात्र आपल्या सह्याद्रीच्या जंगलात धो धो पावसात सुखाने वाढतो. प्रजाती एक, पण सवयी अगदी वेगळ्या. रोप घरी आणण्यापूर्वी त्याचे गाव विचारावे, हा धडा मला एक रोप गमावून मिळाला. दुसरे रोप यंदा छज्जाखाली आहे, आणि सकाळचा तांब्या आता मातीला बोट लावल्यावाचून रिकामा होत नाही.