उंदरांवरील प्रयोग आणि लहान मुलांचा मधुमेह



मधुमेह म्हटला की आपल्यासमोर उतारवयातील माणूस उभा राहतो. परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलालाही मधुमेह होतो आणि त्याचे कारण गोड खाणे नव्हे. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला करून इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करतात. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार! यालाच टाईप १ मधुमेह म्हणतात.

हा हल्ला थोपविता येईल काय? १९८० साली जपानी शास्त्रज्ञांनी 'एनओडी' नावाच्या उंदरांच्या वाणाची माहिती प्रसिद्ध केली. या उंदरांना मधुमेह आपोआप होतो. माद्यांमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. प्रयोगात उंदरांचे दोन गट करतात. एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत. ठराविक दिवसांनी शेपटीतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासतात. दोन्ही गटांची तुलना केल्याशिवाय औषधाचा गुण सिद्ध होत नाही.

१९९४ साली पॅरिसमध्ये नुकताच मधुमेह झालेल्या अशा उंदरांना टी-पेशींवर काम करणारे प्रतिपिंड थोडे दिवस दिले. पुष्कळ उंदरांची साखर पूर्ववत झाली. त्याच मार्गाने पुढे माणसांसाठी 'टेप्लिझुमॅब' हे औषध आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत धोक्याच्या उंबरठ्यावरील ७६ जण होते. औषध घेतलेल्यांत मधुमेह सुमारे दोन वर्षे लांबला. २०२२ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. हे औषध रोग लांबवते, बरा करीत नाही.

दुसरी बाजूही पाहावी. तोंडावाटे इन्सुलिन दिल्याने उंदरांचा मधुमेह टळला होता. परंतु २००५ साली प्रसिद्ध झालेल्या माणसांवरील मोठ्या चाचणीत एकंदरीत तसा लाभ दिसला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

मुक्या जीवांना वेदना देणे योग्य काय, हा प्रश्न आपल्या मनात येणारच, आणि तो यावा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत व वेदना कमीत कमी व्हाव्यात, असे बंधन आहे. करुणा आणि विज्ञान यांचा मेळ घालणे, हीच खरी कसोटी होय.

म्हणून "उंदीर बरे झाले" ही बातमी वाचून किंवा कोणाच्या जडीबुटीवर भुलून मुलाचे इन्सुलिन कदापि बंद करू नये. ते बंद झाल्यास काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोपीवर फ्रीज नसतो. तेथे पाणी न शिरणाऱ्या डबीत बाटली घालून ती ओल्या मडक्यात सावलीला ठेवावी. मुलाला फार तहान, वारंवार लघवी व अंग खंगणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी साखर तपासावी. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. उपचार वेळेवर झाला तर असे मूल शिकते, खेळते आणि मोठे होते.