मोबाइलवरचा रेडिओ मध्येच का थांबतो?

परभणी आकाशवाणीचे कार्यक्रम मराठवाड्यातील श्रोते वर्षानुवर्षे १३०५ किलोहर्ट्झ या कंप्रतेवर, म्हणजे सुमारे २३० मीटर लांबीच्या मध्यम लहरींवर, ऐकत आले. आता घनसावंगीत बसून आकाशवाणीची दूरदूरची केंद्रेही इंटरनेटच्या साहाय्याने मोबाइलवर ऐकता येतात. मात्र ऐन बातम्यांच्या वेळी किंवा शेतीविषयक कार्यक्रमात आवाज अचानक बंद पडतो आणि पडद्यावर एक चकती गरगर फिरत राहते. मग कोणी म्हणतो, "रेंज नाही," कोणी म्हणतो, "मोबाइल जुना झाला, नवा घ्या." यातला दुसरा सल्ला बराच महागात पडतो. तेव्हा बिघाड नेमका कुठे आहे हे पैसे खर्च करण्यापूर्वी कसे ओळखावे, ते आज पाहू.

आवाजाचे आकडे होतात

साध्या रेडिओत ध्वनीच्या चढउतारांप्रमाणे विद्युत्चुंबकीय लहर बदलते. इंटरनेटवर पाठवायच्या आवाजाचे मात्र आधी आकडे केले जातात. ध्वनिमुद्रणात बहुधा दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजतात. प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिली आणि डावा-उजवा असे दोन आवाज घेतले, तर सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट होतात. एवढा भार वाहणे परवडत नाही. म्हणून कानाला फारसे जाणवणार नाहीत असे तपशील गाळून आवाज आटोपशीर करतात. आपल्या उदाहरणासाठी सेकंदाला ६४ किलोबिट एवढा प्रवाह धरू.

हे आकडे लहानलहान पुडक्यांत बांधून पाठवले जातात. वाटेत एखादे पुडके हरवले तर ते पुन्हा मागवले जाते. म्हणूनच मध्यम लहरींच्या रेडिओवर वीज चमकताच जशी खरखर ऐकू येते तशी येथे येत नाही. येथे आवाज एक तर स्वच्छ येतो, नाही तर साफ थांबतो.

रांजणाचा हिशेब

नळाला पाणी कमीजास्त येते, कधी जातेही. म्हणून आपण रांजण भरून ठेवतो आणि वापरायचे पाणी रांजणातून घेतो. मोबाइलही तेच करतो. आलेला आवाज तो लगेच न वाजवता थोडा साठवतो आणि त्या साठ्यातून वाजवतो. या साठ्याला 'बफर' म्हणतात.

समजा, साठा १८ सेकंदांचा आहे. म्हणजे त्यात ६४ × १८ = १,१५२ किलोबिट आहेत. आता दोन प्रसंग घ्या.

पहिला प्रसंग : जोडणी १० सेकंद पूर्ण तुटली. साठा पुरतो, श्रोत्याला काहीच कळत नाही. ती २५ सेकंद तुटली तर १८ सेकंद आवाज चालेल आणि मग निदान ७ सेकंद शांतता.

दुसरा प्रसंग : जोडणी तुटली नाही, पण सेकंदाला ४८ किलोबिटच मिळतात. खर्च ६४, आवक ४८, म्हणजे दर सेकंदाला १६ किलोबिटांची तूट. १,१५२ ÷ १६ = ७२ सेकंदांनी रांजण कोरडा. साठा पुन्हा पूर्ण भरेपर्यंत मोबाइल थांबला तर १,१५२ ÷ ४८ = २४ सेकंद शांतता. मग पुन्हा ७२ सेकंद आवाज, पुन्हा २४ सेकंद शांतता.

या गणितातून निदानाची एक खूण हाती येते. आवाज ठरावीक अंतराने थांबत असेल तर आवक अपुरी आहे. केव्हाही, कसाही थांबत असेल तर जोडणीच तुटते आहे. पहिल्या दोषावर उपाय सोपा : ॲपमध्ये सोय असेल तर कमी प्रवाहाचा पर्याय निवडावा. ३२ किलोबिटांचा प्रवाह ४८ च्या वाटेने सुखाने येतो. दुसऱ्या दोषावर जागा बदलून पाहावी. पत्र्याचे छप्पर लहरी अडवते, म्हणून खिडकीशी किंवा अंगणात फरक पडतो.

पण पडद्यावर रेंजच्या सगळ्या रेघा दिसत असतानाही आवाज थांबतो, तो का? त्या रेघा फक्त टॉवरकडून येणाऱ्या लहरींची तीव्रता सांगतात. टॉवरची क्षमता त्या वेळी किती जण वाटून घेत आहेत, हे त्या सांगत नाहीत. कालव्याला पाणी भरपूर असले तरी एकाच वेळी सगळ्यांनी मोटारी लावल्या, तर शेवटच्या शेतात काय पोचणार? सायंकाळी अडखळणारा कार्यक्रम पहाटे सुरळीत चालत असेल, तर कारण बहुधा ही गर्दीच होय.

एका वेळी एकच बदल

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. बिघाड शोधतानाही तोच नियम पाळा.

१) त्याच ॲपवर दुसरे केंद्र लावा. ते लागले तर मोबाइल आणि जोडणी दोन्ही ठीक आहेत. दोष पहिल्या केंद्राच्या प्रवाहात किंवा त्याच्या बदललेल्या पत्त्यात आहे. अशा वेळी थोडे थांबावे, ॲप अद्ययावत करावे.

२) एकही केंद्र लागत नसेल तर पूर्वी कधीही न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडा. नेहमीचे उघडू नका, कारण त्याची जुनी प्रत मोबाइलमध्येच साठवलेली असू शकते. नवे पान उघडले नाही तर दोष जोडणीत आहे. विमान-स्थिती दहा सेकंद चालू करून बंद करा, म्हणजे मोबाइल टॉवरशी नव्याने संबंध जोडतो.

३) वायफायवर अडखळते पण मोबाइल डेटावर चालते, असे असेल तर घरातील राउटर तपासा.

४) शेजारी त्याच कंपनीचे सिमकार्ड असलेल्या दुसऱ्या मोबाइलवर तेच केंद्र लावा. तेथे चालले तर दोष आपल्या मोबाइलमध्ये आहे.

मोबाइलमधले दोष बहुधा किरकोळ असतात. पडदा काळोखी होताच थोड्या वेळात आवाज बंद पडत असेल, तर बॅटरी वाचवण्याची योजना ॲपला झोपवते आहे. त्या ॲपला तीतून सूट द्या. कार्यक्रम चालू दिसतो पण ऐकू येत नाही, अशा वेळी आवाज शेजारच्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरकडे तर जात नाही ना, ते पाहा. तारीख चुकलेली असली तरी केंद्र लागत नाही. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवतो त्याला मुदत असते, आणि चुकीच्या तारखेमुळे मोबाइल ते मुदतबाह्य समजून नाकारतो.

आकाशातली लहर आणि तारेतला धागा

साध्या रेडिओचा प्रक्षेपक एकदा लहर सोडतो. ती दहा जणांनी ऐकली काय किंवा दहा हजारांनी ऐकली काय, त्याचा भार वाढत नाही. इंटरनेटवर बहुधा प्रत्येक श्रोत्यासाठी सर्व्हरकडून वेगळा धागा निघतो. दहा हजार श्रोते असतील तर ६४ × १०,००० = ६,४०,००० किलोबिट, म्हणजे ६४० मेगाबिट दर सेकंदाला पाठवावे लागतात. शिवाय वाटेतील टॉवर, तारा, वीज हे सर्व शाबूत लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदावरीला पूर आला. अशा दिवसांत वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते आणि नेमकी गरज असतानाच मोबाइल मुका होतो. दोन सेलवर चालणारा लहान रेडिओ मात्र दूरच्या प्रक्षेपकाची लहर पकडू शकतो. गावाला कोणते केंद्र स्पष्ट लागते ते आधीच पाहून घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे. नवे साधन वापरावे, पण जुने अडगळीत टाकू नये.

करून पाहा

१) मोबाइलवर केंद्र चालू असताना विमान-स्थिती सुरू करा. वायफाय चालू राहिले असेल तर तेही बंद करा. आवाज किती सेकंदांनी थांबतो ते घड्याळात मोजा. हा तुमच्या रांजणाचा आकार! पाच वेळा मोजून सरासरी काढा.

२) साध्या रेडिओवर आणि मोबाइलवर एकच केंद्र एकाच वेळी लावा. मोबाइल किती सेकंद मागे आहे? मोबाइलवर ऐकलेल्या वेळेवरून घड्याळ का लावू नये?

३) ६४ किलोबिटांचा प्रवाह तासाभरात २८.८ मेगाबाइट डेटा खर्च करतो, हे पडताळून पाहा (८ बिट = १ बाइट). रोज दोन तास ऐकले तर ३० दिवसांत किती डेटा लागेल?