वीजक्षेत्रातच जायचंय, तयारी कशी करू?

प्रश्न : मी कळमन्यात राहतो, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पसला बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्याच येतात. काय करू? – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुमचं गाव ऐकूनच बरं वाटलं. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन सुपरक्रिटिकल संच, खापरखेडा, एनटीपीसीचं मौदा; एवढी केंद्रं हाकेच्या अंतरावर किती जणांना मिळतात? सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी कॉलेजचं पत्र घेऊन आत्ताच अर्ज करा.

आत गेलात की नुसते फोटो काढून फिरू नका. स्विचयार्डचा सिंगल लाइन डायग्राम स्वतःच्या हाताने काढा. रोहित्राच्या ब्रीदरमधली सिलिका जेल पाहा : कोरडी असते तेव्हा निळी, ओल शोषली की गुलाबी. ती का बदलायची, हे तिथल्या तंत्रज्ञाला विचारा. पुस्तकातलं इन्सुलेशन तिथे समजतं.

अभ्यासात पॉवर सिस्टिम, मशिन्स आणि प्रोटेक्शन पक्कं करा. रिले को-ऑर्डिनेशन येणारी मुलं मला फार कमी भेटतात. सोबत गेटची तयारी ठेवा. सरकारी वीजकंपन्यांच्या भरतीत ते गुण अनेकदा धरले जातात. सौरऊर्जेमुळे ग्रिड सांभाळणं अवघड होत चाललंय, त्यामुळे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स टाळू नका.

सॉफ्टवेअरची नोकरी नाकारायला घाबरू नका, पण घरच्यांशी आधी मोकळेपणाने बोला.