खेळातला डौल

(काही खेळाडूंचा खेळ पाहतच राहावा असे वाटते. असे का वाटते? त्यांच्या खेळातले सौंदर्य कशातून येते? प्रस्तुत पाठात फुटबॉलच्या खेळाच्या आधारे लेखकाने या प्रश्नांचा विचार केला आहे.)



संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुले फुटबॉल खेळत असताना तुम्ही कडेला उभे राहिला असाल. धूळ उडत असते, आरडाओरडा चालू असतो, चेंडू इकडून तिकडे भिरकावला जात असतो. त्या गर्दीत एखादाच खेळाडू असा असतो की, आपली नजर पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळते. तो सर्वांत वेगाने धावत नाही. सर्वांत लांब चेंडूही मारत नाही. तरी चेंडू त्याच्या पायाशी आला की मैदानावरचा गोंधळ जरा शांत होतो. उर्दूत तुम्ही याला नजाकत म्हणाल, कोणी ठहराव म्हणेल. मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे डौल. हत्ती डौलाने चालतो, शिडाची होडी डौलाने पुढे जाते.

हा डौल मला फार उशिरा कळला. त्याचे एक उदाहरण आधी सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी दोंडाईचा येथे शाळेचा संघ निवडण्याचे काम माझ्याकडे होते. मी मुलांना मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायला लावले आणि जे पुढे आले त्यांना संघात घेतले. एक सडपातळ मुलगा मागे राहिला. तो सरावातही फारसा धावताना दिसत नसे. ‘हा आळशी आहे,’ असे म्हणून मी त्याला बाहेर बसवले. पहिल्याच सामन्यात आमचे अकराही खेळाडू जीव तोडून धावले आणि आम्ही चार गोलांनी हरलो. सामना संपल्यावर तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, आपण चेंडूच्या मागे धावतो. चेंडू येणार कुठे ते आधी बघत नाही.” मी त्याला त्या वेळी गप्प बसवले. त्याचे म्हणणे खरे होते, हे कळायला मला आणखी काही दिवस लागले.

कळले तेही मैदानावर नाही, बाजारात. आपल्या दोंडाईचा गावाची मिरची प्रसिद्ध आहे. हंगामात बाजाराच्या आवारात लाल मिरचीचे ढीग दिसतात, ठसक्याने डोळ्यांत पाणी येते आणि ट्रक भरले जात असतात. तेथे मी एका वयस्कर हमालाला पाहिले. पाठीवर धान्याचे भरलेले पोते आणि समोर ट्रकवर चढायची अरुंद फळी. शेजारचा तरुण हमाल धापा टाकत, लटपटत चढत होता. हा म्हातारा मात्र लहान लहान पावले टाकत, गुडघे किंचित वाकवून, एका लयीत वर गेला आणि पोते अलगद ठेवून खाली आला. त्याने एकही हालचाल वाया घालवली नाही. मी उभा राहून पाहतच राहिलो. कोणाला दाखवण्यासाठी तो तसा चढत नव्हता. दिवसभर पुरेल एवढी ताकद शिल्लक राहावी, म्हणून तो तसा चढत होता. आणि तेच सुंदर दिसत होते!

फुटबॉलमधला डौल नेमका हाच आहे. वरून लावलेली ती सजावट नसते. जेवढी हालचाल हवी तेवढीच करायची, अधिक नाही, असे जमले की खेळ आपोआप देखणा होतो. तुमच्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर खुशखताचे घ्या. चांगला कातिब नस्तालीक लिहितो तेव्हा त्याचा बोरू कागदावर थरथरत नाही. तो एक रेघ दोनदा गिरवत नाही. अक्षर कोठे वळणार आणि कोठे बारीक होणार, हे हात चालू होण्यापूर्वीच त्याला माहीत असते.

आता हे पायाने कसे करायचे ते पाहू. मोठ्या माणसांच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. असा चेंडू उंचावरून वेगाने आला आणि तुम्ही पाय ताठ ठेवून त्याच्यासमोर धरला, तर तो भिंतीवर आपटल्यासारखा चार हात दूर उडेल. मग तुम्हाला त्याच्यामागे पळावे लागेल. आपल्या मैदानावरची बरीचशी पळापळ अशी स्वतःच ओढवून घेतलेली असते! परंतु चेंडू पायाला लागताच पाय त्याच्याबरोबर थोडा मागे घेतला तर? क्रिकेटमध्ये झेल घेताना तुम्ही हात मागे घेता, तसेच हे आहे. विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकलाच आहात की, वेग कमी होण्यास जास्त वेळ मिळाला तर धक्का कमी बसतो. मग चेंडू उसळत नाही, पायाशी मुकाट्याने बसतो. याला पहिला स्पर्श म्हणतात. डौलदार खेळाडू आणि साधा खेळाडू यांच्यातला फरक बहुतेक वेळा या एका क्षणात ठरतो.

४ जुलै १९९८ रोजी फ्रान्समधील मार्सेय या शहरात विश्वचषकाचा उपान्त्यपूर्व सामना झाला. एका बाजूला हॉलंड आणि दुसऱ्या बाजूला अर्जेंटिना. दोघांचा एकेक गोल झाला होता आणि सामना संपत आला होता. अशा वेळी हॉलंडच्या फ्रँक डी बोअरने स्वतःच्या अर्ध्या भागातून खूप लांबचा उंच चेंडू पुढे पाठवला. डेनिस बर्गकँप धावत गेला, हवेत उडी मारली आणि उजव्या पायाने तो चेंडू जणू फांदीवरचे फळ उतरवावे तसा खाली घेतला. हा झाला पहिला स्पर्श. दुसऱ्या स्पर्शात त्याने बचाव करणाऱ्या आयालाच्या पायांतून चेंडू आत वळवला. तिसऱ्या स्पर्शात त्याच उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू गोलात मारला. तीनच स्पर्श! चौथ्या स्पर्शाला तेथे वेळच नव्हता. त्या गोलाची चित्रफीत कोठे पाहायला मिळाली तर चेंडूकडे पाहू नका. बर्गकँपचे खांदे आणि हात पाहा. एवढ्या घाईच्या क्षणी त्याच्या शरीरात कोठेही ताण दिसत नाही.

पण मुलांनो, पाय कितीही मऊ असला तरी डोळे उशिरा उघडले तर काही उपयोग नाही. चेंडू आपल्याकडे येत असताना बहुतेक जण चेंडूकडेच टक लावून पाहतात. तो पायाशी आला की मग मान वर करून साथीदार शोधतात. तोपर्यंत प्रतिस्पर्धी अंगावर येतो. स्पेनचा झावी हा खेळाडू चेंडू येण्यापूर्वीच सारखा मान वळवून डावीकडे, उजवीकडे, मागे पाहत असे. नॉर्वेतील गेयर योर्देत नावाच्या संशोधकाने खेळाडूंच्या या मान वळवण्याचा अभ्यास केला आहे. जे अधिक वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पास अधिक वेळा योग्य ठिकाणी जातात, असे त्यांना आढळले. ‘याच्याजवळ किती वेळ असतो!’ असे आपण एखाद्या खेळाडूबद्दल म्हणतो. वास्तविक वेळ सर्वांना सारखाच मिळतो. त्याने निर्णय आधी घेतलेला असतो, एवढेच. आमच्या त्या सडपातळ मुलाचे म्हणणे हेच होते.

डौल जन्मतः मिळतो की शिकता येतो? माझे मत असे की, थोडा मिळतो आणि पुष्कळसा शिकता येतो. हे आपल्या देशात एका शिक्षकानेच दाखवून दिले आहे. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सर्वजण त्यांना रहीम साहेब म्हणत. त्यांचा जन्म १९०९ साली हैदराबादला झाला. ज्या उस्मानिया विद्यापीठात ते शिकले, तेथे त्या काळी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. पुढे त्यांनी शाळांत शिकवले. फुटबॉल शिकवतानाही त्यांच्यातला शिक्षक जागाच असे. चेंडू पायाशी घोळवत बसायचे नाही, एका स्पर्शात साथीदाराला द्यायचा, असे सामने ते भरवीत. कमकुवत पायानेच खेळायचे, असेही सामने त्यांनी घेतले. पहिल्या दिवशी खेळाडूंची किती फजिती होत असेल, याची तुम्ही कल्पना करा! पण ज्याचे दोन्ही पाय चालतात त्याला वळताना अंग वेडेवाकडे करावे लागत नाही. चेंडू ज्या बाजूने येईल त्या बाजूने तो खेळतो.

या शिकवणीचे फळ मुंबईने पाहिले. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप ही स्पर्धा सुरू झाली होती. रहीम साहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे ती जिंकली. नंतर भारतीय संघही त्यांच्याच हाताखाली घडला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यात नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा खेळाडू होता. ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४–२ असा विजय मिळवला आणि त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिलचे होते. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्यापुढे आपण कधी गेलो नाही. २०२४ साली रहीम साहेबांवर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल.

कमकुवत पायाची गोष्ट निघालीच आहे, तर झिनेदिन झिदानची आठवण काढली पाहिजे. त्याचे आईवडील अल्जीरियातून फ्रान्समध्ये गेले होते. मार्सेयच्या एका गरीब वस्तीतल्या मोकळ्या, टणक जागेवर तो लहानपणी खेळला. २००२ साली ग्लासगो येथे युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. रेआल माद्रिदकडून खेळताना झिदानने आकाशातून खाली येणारा चेंडू जमिनीला लागू न देता थेट गोलात मारला. मारण्यापूर्वी तो जागच्या जागी थांबला होता, चेंडू खाली येण्याची वाट पाहत. आणि मारला तो डाव्या पायाने. झिदानचा चांगला पाय उजवा होता!

येथे एक गैरसमज दूर करतो. डौलासाठी उंच, सरळ, देखणे शरीर लागते असे नाही. ब्राझीलच्या गॅरिंचाचे दोन्ही पाय वाकडे होते आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. तरी १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत तो होता. तो डावीकडे झुके, प्रतिस्पर्धी त्याच्याबरोबर डावीकडे झुके आणि गॅरिंचा उजवीकडून निघून जाई. असा खेळाडू पळताना पावले आखूड टाकतो. पाय हवेत असेपर्यंत कोणालाही वळता येत नाही. म्हणून जो सारखा जमिनीला धरून असतो तो हवा तेव्हा वळतो. फळीवरचा आमचा हमाल तसाच चढला होता.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा एकांगी संघ निवडीन. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. कर्णधार होता चुनी गोस्वामी. त्याच्या पायातला डौल पाहण्यासाठी कोलकात्याची माणसे गर्दी करीत. पण विजयातला एक गोल जर्नेलसिंगचा होता. तो धिप्पाड बचावपटू. आधीच्या सामन्यात डोके फुटले होते, टाके पडले होते. रहीम साहेबांनी त्याला पुढे खेळवले आणि त्याने डोक्यावर पट्टी बांधून गोल केला. त्याला कोणी नाजूक म्हणणार नाही. मैदानावर दोघेही लागतात.

आता तुमच्याकडे येतो. “आमच्याकडे हिरवळ नाही, मैदान खडबडीत आहे, चेंडू एकच,” असे तुम्ही म्हणाल. हे खरे आहे. पण भिंत तर आहे? बर्गकँप लहानपणी तासन्‌तास भिंतीवर चेंडू मारीत असे आणि तो कसा परत येतो ते पाहत असे. तुम्हीही पाच पावलांवर उभे राहा. मुलींनीही उभे राहावे, चेंडूला कोण मारतो ते कळत नाही. आधी ज्या पायाने नीट जमत नाही त्या पायाने पन्नास वेळा मारा. परत येणारा चेंडू पाय मागे घेत थांबवा. चेंडू भिंतीकडे जात असताना एकदा मान वळवून मागे कोण उभे आहे ते पाहा आणि मगच पुन्हा भिंतीकडे वळा. सुरुवातीला चेंडू निसटेल, मित्र हसतील.

तो सडपातळ मुलगा पुढच्या वर्षी आमच्या संघात होता. मैदानाच्या मधोमध उभा राहून तो सारखा मागे वळून पाहत असे. कडेला बसलेल्या एका पालकांनी मला विचारले, “सर, हा मुलगा कोणाला शोधतो आहे?”

स्वाध्याय

१. लेखकाने सडपातळ मुलाला संघाबाहेर का बसवले? त्यात त्याची कोणती चूक झाली?
२. ‘वेळ सर्वांना सारखाच मिळतो’ असे लेखक का म्हणतो?
३. हमाल आणि कातिब यांच्या कामात लेखकाला कोणते साम्य दिसले? तुमच्या शब्दांत लिहा.
४. पुढील शब्दांसाठी उर्दू शब्द सांगा व मराठीत वाक्यात उपयोग करा : डौल, अलगद, मुकाट्याने, फजिती.
५. तुमच्या गावात कोणाचे काम करणे तुम्हाला पाहत राहावेसे वाटते? त्या व्यक्तीच्या हालचालींचे दहा ओळींत वर्णन करा.