सुरातली टकटक

एका शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. पेटी वाजवणारा मुलगा आजारी पडला, म्हणून संगणकातल्या पेटीवर काम भागवायचे ठरले. सूर झकास लागला. पण पांढरी सहा दाबून धरली, की सुरात 'टक्... टक्...' असा आवाज येई. तारा बदलून झाल्या, ध्वनिवर्धक बदलून झाला. टकटक हटेना. शेवटी मी घड्याळ घेऊन बसलो. ती बरोबर अर्ध्या सेकंदाने येत होती, आणि तिथेच चोर सापडला!

संगणकातली पेटी म्हणजे खऱ्या पेटीच्या एकेका सुराचे ध्वनिमुद्रण. हवेचा दाब कसा वरखाली झाला, हे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहिलेले असते. पांढरी सहाची कंप्रता ४४० धरली, तर एका कंपनाच्या वाट्याला सुमारे १०० आकडे येतात. शेजारशेजारचे आकडे सहसा जवळजवळचे, म्हणून आलेख गुळगुळीत दिसतो. तो जेथे एकदम तुटतो, तेथे ध्वनिवर्धकाच्या पडद्याला झटका बसतो. अशा झटक्यात लहानमोठ्या असंख्य कंप्रता मिसळलेल्या असतात. म्हणून सूर ऐकू न येता नुसती 'टक्' ऐकू येते. तेव्हा शोधायचे एवढेच, की आलेख तुटला कोठे?

मुद्रण असते चारदोन सेकंदांचे. आपण मात्र पट्टी कितीही वेळ दाबून धरतो. मग संगणक त्यातला एक तुकडा पुनःपुन्हा वाजवतो. यालाच लूप म्हणतात. समजा, तुकडा २२,०५० आकड्यांचा आहे. म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला शेवटच्या आकड्यापाठोपाठ पहिला आकडा येणार. शेवटचा ७,००० आणि पहिला उणे ३,००० असेल, तर सांध्यावर टक् होणारच.

खात्री करायची? तोच नमुना एक सप्तक वर वाजवा. आता आकडे दुप्पट वेगाने वाचले जातात, म्हणून टक् पाव सेकंदाने आली पाहिजे. आमच्या तालमीत तशीच आली आणि तारांवरचा आळ गेला. (वरच्या सुरासाठी वेगळे मुद्रण वापरलेले असेल, तर मात्र ही परीक्षा लागू पडत नाही.)

उपाय सांध्यावरच करायचा. दोन्ही टोके आलेख शून्यरेषा ओलांडतो तेथे घ्यावीत, आणि दोन्हीकडे तो एकाच दिशेने जात असावा. एकीकडे चढ व दुसरीकडे उतार असेल, तर शून्याला शून्य जुळूनही कोपरा राहतोच. तरीही भागले नाही, तर तुकड्याचा शेवट हळूहळू मंद करीत त्यावर सुरुवात हळूहळू चढवावी. आम्ही हेच केले.

टकटक अनियमित असेल, आणि एकदम पुष्कळ सूर वाजवले की वाढत असेल, तर नमुना निर्दोष समजा. संगणक आकडे गठ्ठ्याने पाठवतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. २५६ आकड्यांचा गठ्ठा जेमतेम ५.८ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात पुढचा तयार झाला नाही, की खंड पडतो. गठ्ठा १,०२४ आकड्यांचा करा, टकटक थांबेल. मात्र गठ्ठा ५.८ ऐवजी २३ मिलिसेकंदांचा झाल्याने बोट आणि सूर यांतले अंतर वाढते, आणि हे वाजवणाऱ्याला लगेच जाणवते.

पट्टी सोडतानाच टक् होत असेल, तर सूर मध्येच कापला जात आहे. त्याला विरायला काही मिलिसेकंद दिले, की पुरे.

एक आवाज मात्र कापू नका. खऱ्या पेटीची पट्टी दाबताना लाकडाची बारीक 'खट्' होते आणि तीही मुद्रणात उतरते. उत्साहाच्या भरात मी ती काढून पाहिली, तेव्हा पेटी पेटीसारखी वाटेना. ती पुन्हा जागच्या जागी ठेवली आणि प्रार्थनेची तालीम पुढे सुरू झाली.